हिमानी 'येते' म्हणाली

उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा किंचित जलद चालतं. म्हणून वर पाठवण्याआधी ते मुद्दाम हळू लावून ठेवतात.

*

बांगडी वाढली म्हणजे फुटली. नारळ वाढवला म्हणजे फोडला. ताटात भात वाढला म्हणजे मात्र खरंच वाढला.

*

मंदाकिनी नावाची एक नदी गढवालात आहे. मंदाकिनी नावाची एक बाई पाटण तालुक्यात, वाघजाईवाडीत आहे. नदीला बाईबद्दल काहीही माहीत नाही.

*

सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या, पवनचक्क्या फिरत असताना खालच्या गावात त्यांचा आवाज कुणालाच येत नाही. त्या थांबल्या की येतो. मग सगळे वर बघतात.

*

"निघालोय" असं फोनवर सांगणारा मराठी माणूस बहुतेक वेळा अजून आंघोळीलाही गेलेला नसतो. फोनमधल्या 'सोबत' नावाच्या मदतनीसाला हे शिकायला फार दिवस लागले.

*

हे सगळे तुकडे भाद्रपदातल्या एका रविवारी, एकाच दुपारी, मंदाकिनी चाळके यांच्या स्वयंपाकघरात येऊन पडले.

ओट्यावर एक ताट झाकून ठेवलेलं होतं. दुपार उलटून गेली होती. बाहेर धुकं असं दाटलं होतं की अंगणातली तुळस दिसत होती आणि तिच्यामागचं फाटक दिसत नव्हतं.

"हिमानी कुठंय?" मंदाकिनीने फोनला विचारलं.

"हिमानी घरी आहे," 'सोबत' म्हणालं.

हिमानी ही मंदाकिनीची सून. मूळची गढवालची, हिमानी नेगी. पवनचक्क्या दुरुस्त करणारी. दोर लावून एवढ्या उंच खांबावर चढायची आणि खाली उतरल्यावर चहात बुडवून खारी खायची. तिथेच कामावर असलेल्या ऋतुराजशी, म्हणजे मंदाकिनीच्या मुलाशी, तिची गाठ पडली. आता ऋतुराजला कंपनीने गुजरातच्या किनाऱ्यापलीकडच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांवर पाठवलं होतं. पाळी संपेपर्यंत त्याचा फोन लागायचा नाही. घरात दोघीच.

मंदाकिनीने माजघर बघितलं. वरची खोली बघितली. गोठा, परडं, पाण्याच्या टाकीची मागची बाजू, आणि उगाचच धान्याची कोठीही उघडून बघितली.

"घरी आहे तर मला का दिसंना?"

"घराच्या आत कोण कुठे आहे हे मी सांगू शकत नाही. उंबरठ्याचा नियम आहे."

*

इथे थोडं शास्त्र.

पुष्कळांना वाटतं की उपग्रह आपल्याला वरून बघतो. तो बघत नाही. तो फक्त वेळ सांगत राहतो. आकाशातून असे अनेक उपग्रह एकाच वेळी आपापली वेळ सांगत असतात. प्रत्येकाची हाक आपल्या फोनपर्यंत यायला निरनिराळा उशीर होतो, आणि त्या उशिरांवरून आपण कुठे आहोत हे फोन स्वतःच ठरवतो. उपग्रहाला आपला पत्ता कधीच कळत नाही. फोनने कान बंद केले तर आभाळाला आपण हरवल्याचंसुद्धा कळणार नाही.

फोनला कळलेला पत्ता मग घरच्यांना कळू लागला. आधी बरं वाटलं. पुढे नवरे, सासवा, साहेब, सगळेच दिवसभर दुसऱ्याच्या ठिपक्याकडे बघत बसायला लागले. स्वयंपाकघरातून न्हाणीत गेलं तरी ठिपका हलायचा. शेवटी कायदा झाला. लोक त्याला उंबरठ्याचा कायदा म्हणत. माणूस घरात शिरला की त्याच्या फोनने उपग्रहांचं ऐकायचं नाही, चाल मोजायची नाही, हातात धरून विचारल्याशिवाय बोलणंही ऐकायचं नाही. टॉवरनेसुद्धा त्याचा माग विसरून जायचा. घर म्हणजे बंद दार. फक्त एक बारीकसा कान उघडा राहायचा, तोही दुसऱ्या कुणी रीतसर उठवलं तर ऐकण्यापुरता.

माणूस आत आला की बाहेर पडला, हे 'सोबत' दाराच्या चौकटीत बसवलेल्या कानातून, त्याच्या बोलण्यावरून ओळखे. आणि इथे ते खरोखर हुशार होतं. सगळ्यांना एक नियम लावण्याऐवजी ते ज्याचा त्याचा शब्द शिकायचं. मंदाकिनी दारात "येते" म्हणाली की ती चालली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेजारचे रंगराव नुसते खाकरायचे. तेही त्याला कळायचं.

हिमानी निघताना "जाते" म्हणायची. सड्यावरून परत आली की फाटकातूनच "आई, येते" म्हणायची. तिचे शब्द सरळ होते: जाते म्हणजे जाते, येते म्हणजे येते.

*

"जाते म्हणू नये गं," मंदाकिनी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात म्हणाली होती. "येते म्हणावं."

"पण आई, मी जाते तर आहे!"

"जात असलीस तरी."

"खोटं का बोलू?"

"खोटं न्हाई ते." खोटं नाही तर काय, ते मात्र मंदाकिनीला सांगता आलं नाही. दिवा विझवला म्हणत नाहीत, शांत केला म्हणतात. तांदूळ संपलेत असं कुणी म्हणत नाही. हे सगळं एकाच कापडाचं होतं, पण त्या कापडाला नाव नव्हतं. "आमच्यात असंच म्हणतात."

हिमानी हसायची आणि दुसऱ्या दिवशी बूट चढवून पुन्हा दारातून ओरडायची, "आई, मी जाते!" मंदाकिनी आतून तितक्याच मोठ्याने उत्तर द्यायची, "ये गं!" असं दीड वर्ष चाललं. त्यांचं दोघींचं ते एक भांडणच होतं, पण गोड लागायला लागलेलं.

या रविवारी सकाळी हिमानीला सुट्टी होती. सड्यावर फुलं आली आहेत, बघून येऊ, असं तिच्या मनात आलं. एक बूट पायात, एक हातात, अशी ती उंबऱ्यात उभी राहिली. जरा थांबली. मग म्हणाली,

"आई, येते."

मंदाकिनीच्या हातातलं पीठ परातीत पडलं. तिला एवढं बरं वाटलं की कुठल्या बाजूला चाललीस, कुणाबरोबर, कधी परतणार, यातलं काहीच विचारायचं तिला सुचलं नाही. "ये हं बाळा," एवढंच ती म्हणाली.

आणि 'सोबत'ने ऐकलं: हिमानी घरी आली. त्याने दार लावून घेतलं.

*

रंगराव म्हणजे मंदाकिनीचे चुलत दीर. त्यांनी पाटणच्या गिर्यारोहकांच्या बचाव पथकाला फोन लावला. पथकातली मुलं लगेच निघाली, पण त्यांची म्होरकी ऋजुता स्पष्ट बोलली, "काका, सडा केवढा आहे तुम्हाला माहिती आहे. धुक्यात सगळ्या पवनचक्क्या एकसारख्या दिसतात. ड्रोनला खाली काही दिसणार नाही. जांभ्यात भेगा आहेत, आमचीच मुलं पडतील. आम्ही चढतोय, पण ठिकाण मिळालं तर घ्या. अंधार पडायच्या आत मिळालं तर फार बरं."

"ठिकाण द्या म्हणं," रंगराव म्हणाले.

मंदाकिनीने फोन पुन्हा तोंडाजवळ धरला. "हे बघ, ती घरात न्हाई."

"हिमानी यांचा शेवटचा शब्द 'येते' आहे. त्यांच्याशी शेवटचं आपण बोललात, म्हणून आपण साक्षीदार आहात. त्या घराबाहेर असतील तर आपण स्पष्ट शब्दांत सांगा. मी त्यांचा फोन उठवेन."

"अरे, बाहेर पडलीय ती!"

"किती उंचावरून पडल्या? शुद्धीवर आहेत का?"

"तुझं तोंड जळो! पडली न्हाई. निघाली. सकाळीच निघाली."

"'निघाली' यावरून घर सोडल्याचं धरता येत नाही."

"हे मात्र त्याचं खरं हाय," रंगराव पुटपुटले. "आमच्या हिला लग्नाला न्यायचं म्हणजे..."

"भावजी, गप बसा. हे बघ, ती सड्यावर फिराय गेल... फिरतीय. बाहेर आहे बाहेर."

"अंगण, परडं आणि गोठा घरातच धरले जातात."

"मग सांगू तरी काय?"

"कृपया पूर्ण नाव घेऊन सांगा. उदाहरणार्थ, 'हिमानी ऋतुराज चाळके गेली.'"

मंदाकिनीने फोन ओट्यावर पालथा ठेवला.

*

हा शब्द पूर्ण नाव घेऊन, मागेपुढे काही न लावता, तिने आयुष्यात एकदाच उच्चारला होता. नवरा वारला त्या सकाळी. कऱ्हाडला नणंदेला, साताऱ्याला भावाला, एकेकाला फोन लावून. "हे गेले." पलीकडून कुणीही 'कुठे?' असं विचारलं नव्हतं.

"अवो वैनी, म्हणा की," रंगराव म्हणाले. "यंत्राला काय कळतंय? नुसता शब्द हाय."

"मग तुम्हीच म्हणा."

रंगरावांनी फोन उचलला, घसा साफ केला आणि ग्रामसभेत बोलावं तसं खणखणीत म्हणाले, "हिमानी ऋतुराज चाळके गेली!"

"हा साक्षीदाराचा आवाज नाही," 'सोबत' म्हणालं. "खोट्या माहितीबद्दल दंड होऊ शकतो."

असं का, तेही समजण्यासारखं होतं. कुणीही उठून दुसऱ्याच्या बायकोचं दार उघडायला लावू नये म्हणून केलेली ती सोय होती. चांगल्या माणसांनी नीट विचार करून केलेली.

मंदाकिनीने आडवाटेने जाऊन बघितलं. "हिमानी ऋतुराज चाळके जाऊन येते म्हणाली."

"'येते' असं नोंदवलं. हिमानी घरी आहे. धन्यवाद."

"गेलीय, पण येणार आहे!"

"'येणार' असं नोंदवलं. कृपया वाट बघा."

प्रत्येक वाक्याला तिच्या तोंडून एक शेपूट लागत होतं, आणि प्रत्येक वेळी यंत्र ते शेपूटच धरत होतं. शेपटीवाचून बोलायची तिच्या जिभेला सवयच नव्हती. खिडकीतून येणारा उजेड आता राखेसारखा झाला होता.

ती उठली. देवघराची दारं तिने ओढून घेतली. मग तिला वाटलं, देवाचं एक वेळ ठीक आहे, घराचं काय? घर ऐकत असतं आणि बोललेल्याला तथास्तु म्हणतं, असं तिच्या आईने तिला लहानपणापासून सांगितलं होतं. इथे नको. ती फोन घेऊन बाहेर पडली.

"कुठं निघाला?" रंगराव मागून ओरडले.

"तुम्ही येऊ नका."

अंगण ओलांडलं. रस्त्याला लागली. पण वाटेत वाघजाईचं देऊळ, आणि ती तर कडक देवी. त्याच्या पुढे भैरोबा. पुढे दोन-तीन घरं, त्यांनाही कान असणारच. या गावात कुणीच ऐकणार नाही अशी एकही जागा नाही हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळत होतं. शेवटी गावाबाहेरची डीपी लागली. वीज मंडळाचं कुंपण, आत गुणगुणणारा ट्रान्सफॉर्मर, फाटकाला कवटी काढलेली लाल पाटी. इथे देव नव्हता आणि घरही नव्हतं. तिने कवटीकडे पाठ केली.

"हिमानी," ती म्हणाली. थांबली. लग्नात उखाण्यासाठी सुनेने हेच नाव किती घोटून घेतलं होतं, 'ळ' म्हणता येत नव्हता म्हणून. चालके, चाडके, चारके. "हिमानी ऋतुराज चाळके..."

"मी ऐकत आहे."

"गेली."

"आवाज स्पष्ट आला नाही. कृपया मोठ्याने सांगा."

मंदाकिनीने डोळे मिटले आणि ती ओरडली. अख्खं वाक्य, एका दमात, शेपटीवाचून. धुक्याने ते सगळंच्या सगळं गिळलं, कुठेही पडसाद उठला नाही. त्याबद्दल तिने धुक्याचे मनातल्या मनात उपकार मानले.

"नोंद घेतली," 'सोबत' म्हणालं. "दार उघडत आहे."

*

सड्यावर प्रत्येक पवनचक्कीच्या पायथ्याशी एक छोटा रेडिओ असतो. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असं करत हिमानीचं नाव पसरत गेलं. कुठल्यातरी भेगेत पडलेल्या एका झोपलेल्या फोनने आपल्या बारीकशा कानाने ते ऐकलं. तो उठला आणि आभाळातल्या घड्याळांकडे कान लावून बसला.

पण फिरत्या पात्यांवर आपटून उपग्रहांच्या हाका वाकड्यातिकड्या येत होत्या. थेट आलेली हाक कोणती आणि पात्यावरून उसळून आलेली कोणती, हे फोनला ठरेना. नकाशावर ठिपका कड्याच्या अलीकडे दिसायचा, पुढच्या क्षणी कड्याच्या पलीकडे, हवेत. मंदाकिनी त्याच्याकडे बघत उभी होती. मागून आलेल्या रंगरावांपुढे तिने फोन धरला.

रंगरावांनी कंपनीच्या ऑफिसात फोन करून पाती थांबवा म्हणून आरडाओरडा केला. आणि मग वरती एकेक पातं थांबत गेलं. गाव एकदम इतकं शांत झालं की घराघरांतून माणसं बाहेर आली आणि काही दिसत नसतानाही वर बघू लागली.

ठिपका स्थिर झाला. कड्याच्या अलीकडे.

फोनमधून आधी वारा आला. मग लांबून, भांड्यात तोंड घालून बोलावं तसा, घोगरा आवाज.

"आई? आई, मी नाही गेली!"

"गेले म्हण गं, गेले," मंदाकिनीच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "मी गेली न्हवं, मी गेले..." आणि तिने फोन दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला. "नको. काही म्हणू नको. नुसती बोलत ऱ्हा."

*

ऋजुताच्या पथकाने हिमानीला वर काढलं तेव्हा दिवस मावळत होता. घोट्याजवळ पाय मोडला होता. फुलांचा फोटो काढायला वाकली, जांभ्याच्या भेगेवर उगवलेल्या गवतावर पाय दिला आणि आत गेली. पिशवी निसटून आणखी खाली, हात पोचणार नाही अशा ठिकाणी पडली. फोन पिशवीत. ती त्याच्याशी बोलत राहिली, हाका मारत राहिली, पण त्याच्या मते ती घरी होती आणि घरच्या माणसाचं ऐकायचं नसतं.

मंदाकिनी डबा घेऊन पथकाच्या मागोमाग चढून आली होती. नको म्हणणाऱ्या रंगरावांना तिने डब्याचं झाकण उघडून दाखवलं, "भाकरी गार व्हायला लागलीय," आणि पुढे झाली. आता पायाला फळ्या बांधून होईपर्यंत ती हिमानीच्या उशाशी बसली आणि तिला भाकरीचे घास भरवत राहिली. पिठलं पार दगड झालं होतं.

"तुम्हाला माहिती आहे, फोन उठला आणि काय बोलला?" हिमानी थरथरत होती, पण तिला हसू आवरत नव्हतं. "एकदम अंधारातून. 'हिमानी ऋतुराज चाळके, आपण गेल्याचं आपल्या सासूबाईंनी कळवलं आहे.' मला वाटलं, बस, झालं! वर पोचले मी!"

ऋजुता पट्टी बांधता बांधता फस्सकन हसली.

"तुम्ही खरंच असं बोललात, आई?"

"बोलले."

"देवासमोर?"

"डीपीसमोर."

हिमानी इतकी हसली की पाय दुखून कळवळली. मंदाकिनीने तिच्या तोंडात पुढचा घास कोंबला. मग बराच वेळ ती सुनेच्या कपाळावर नुसता हात ठेवून बसली. हाताखाली कपाळ गरम होतं. आधी तिला त्याचंच बरं वाटलं. मग ती ऋजुताला म्हणाली, "पोरी, हिला ताप आहे, लवकर उतरवा."

*

प्लास्टर निघालं. काठी सुटली. हिमानी पुन्हा कामावर जायला निघाली त्या सकाळी दोघीही उंबऱ्यात जरा जास्तच वेळ रेंगाळल्या.

'सोबत'ने आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं: हिमानी यांनी बाहेर जाताना यापुढे कोणता शब्द धरावा?

"येतेच धरायला सांगू," हिमानी म्हणाली. "त्याला शिकवू आपण. चार दिवसांत शिकेल. तुमचं शिकलं तसं माझं."

"आणि त्या चार दिवसांत?"

"त्या चार दिवसांत मी फुलं बघणार नाही."

मंदाकिनीने मान हलवली. तिने सुनेच्या गळ्यातली कामाची शिट्टी उगाचच सरळ केली. "तू आपली जाते म्हण."

"आई?"

"जाते म्हण. मोठ्याने म्हण, त्या मेल्याला नीट ऐकू जाईल असं. तू बाहेर गेलीस हे त्याला कळलेलं बरं." ती थांबली. "येते ते मी म्हणत जाईन. तुझ्या वाटचं."

हिमानीने वाकून दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. वेळ लावून बांधली. सरळ झाली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, पण आवाज नेहमीचाच होता, सगळ्या आळीला ऐकू जाणारा.

"आई, मी जाते!"

"येते," मंदाकिनी म्हणाली.

'सोबत' गोंधळलं नाही. दोघींचे आवाज त्याला चांगले ओळखू येत होते, आणि ज्याच्या त्याच्या शब्दाप्रमाणे दोघीही चालल्या असं त्याने धरलं. फाटकातून बाहेर पडलेला एक ठिपका सड्याच्या दिशेने चालू लागला, आणि दुसरा, जो दिसायचं कारण नव्हतं, उंबऱ्यात उभा राहिला.

*

लग्नाच्या आधी हिमानीने पहिल्यांदा या घरी फोन केला तेव्हा तो मंदाकिनीने उचलला होता. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला हिंदी बेताचंच. आधी कुणी ठेवायचा ते दोघींनाही माहीत नव्हतं, म्हणून तो फोन बॅटरी संपेपर्यंत चालू राहिला.